रावजीचं दुकान, जेठीआयचा आवाज

रावजी वरठानं पहिल्याच भेटीत मला टीव्ही विकायला साफ नकार दिला.

तलासरीच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हाची गोष्ट. डहाणूचं घर सोडवत नव्हतं आणि रोजची जा-ये झेपत नव्हती. म्हणून नाक्याजवळच्या एका इलेक्ट्रॉनिकच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. दुकान रावजीचं आणि खोलीही त्याचीच. संध्याकाळी भिंतींकडे बघत बसण्याचा कंटाळा आला, तशी खाली उतरले आणि म्हटलं, "एक बरासा टीव्ही दाखवा."

चष्मा कपाळावर चढवलेला, अंगात फुल शर्ट आणि खाली हाफ पँट अशा अवतारात तो स्टुलावर बसून एका रिमोटचं पोट उघडत होता. त्यानं वरसुद्धा बघितलं नाही.

"कशाला पायजे?"

"बघायला!"

"नका घेऊ, बाई. हा मरणार हाय."

"म्हणजे बिघडलेला आहे?"

"बिघडलेला नाय, फस्क्लास हाय. पण त्याची जातच मरणार. दोन-तीन वर्सांत तुमी सगळं मोबाईलवर बघशाल नि ह्याच्यावर कपड्यांच्या घड्या ठेवशाल."

आयुष्यात मी दुकानदार पुष्कळ पाहिले होते. डहाणूच्या बाजारात तर किडका चिकूही देवाचा प्रसाद म्हणून गळ्यात मारणारे भेटतात. आपल्या मालाच्या मरणाची बातमी गिऱ्हाइकाला आधी देणारा हा पहिलाच. माझ्यामागे उभ्या असलेल्या गंजाडच्या एका माणसानं हे सगळं ऐकलं आणि तरीही तोच टीव्ही उचलून नेला. रावजीनं त्याला तो नीट बांधून दिला, जीपच्या टपावर चढवायला हात लावला आणि जाताना बजावलं, "पुढल्या टायमाला ह्याच्यासारखा घ्यायला येऊ नको. मिळणार नाय."

पुढे टीव्हीवर कपड्यांची ती घडी मी खरंच ठेवली. टीव्ही मी हट्टानं दुसरीकडून घेतला होता, हे त्याला कळू नये म्हणून जिन्यावरून चादरीत गुंडाळून वर आणला होता. त्याला ते कळलंच. तो फक्त म्हणाला, "अँटेनाची वायर मी लावून देतो. मयताला येतात तसा येईन."

रावजीची ही खोड होती. कोणतीही वस्तू हातात घेतली की ती कुठून आली यापेक्षा ती कुठे जाणार हे तो आधी सांगायचा. आणि हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, तो ते भोगून आला होता. पाड्यावर वीज यायच्या आधी त्यानं जनरेटर लावून व्हिडिओ दाखवला, तो धंदा बुडाला. मग कॅसेटी भरून द्यायचं दुकान काढलं, ते बसलं. सीड्या आल्या नि गेल्या, डिशच्या छत्र्या आल्या, त्या आता कोंबड्यांना उन्हापासून आडोसा म्हणून उपयोगी पडतात. प्रत्येक धंदा बुडायच्या जरा आधी त्याला ते दिसायचं, आणि तरी तो शेवटपर्यंत तोच धंदा करत राहायचा. "आधीच कळतं तर सोडत का नाहीस?" असं मी एकदा विचारलं. तर म्हणतो कसा, "पाऊस येणार म्हणून कोन आंघोळ सोडतो का?" मला याचा अर्थ आजतागायत लागलेला नाही.

करमणुकीबद्दल त्याचं एक ठाम मत होतं आणि ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. "व्हिडिओ लावला तवा आख्खा पाडा एका पडद्याम्होरं बसायचा. भांडनं व्हायची, लग्नं जमायची. मंग टीव्ही आला, तवा एका घराला एक पडदा. आता मोबाईल, एका माणसाला एक पडदा. पडदा बारका होत चालला, बाई, नि माणूस पन. याच्यापुढं काय, सांगा?"

"काय?"

"पडदाच राहील. बघनारा नसला तरी चालू."

आमच्या हेडमास्तरांनी त्याला एकदा विज्ञानदिनाला पाहुणा म्हणून बोलावलं. शाळेला नवे टॅब आले होते, ते यानं चालू करून दिले होते, तेव्हा दोन कौतुकाचे शब्द बोलेल अशी अपेक्षा. रावजी उभा राहिला, माइकवर टिचकी मारली आणि मुलांना म्हणाला, "ह्याच्यात बघा, शिका, खेळा. पन घरात आयशी जसं बोलता तसं ह्याच्याम्होरं बोलू नका. ते त्याला देऊ नका." आणि बसला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. हेडमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी तोंडावर पदर धरून हसत होते, पण आतून जरा दचकले होते, हे कबूल करते.

त्याच्या त्या बोलण्यामागे जेठीआय होती, हे मला नंतर कळलं.

जेठीआय म्हणजे रावजीची आई. पाड्यापाड्यांत प्रसिद्ध असलेली धवलेरी. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. भिंतीवर काढलेल्या चौकासमोर बसून धवलेरी गाते, आणि तिच्या गाण्यानंच लग्न लागतं. जेठीआय काटकुळी होती आणि आवाज असा होता की, तो एवढ्याशा शरीरातून कुठून निघतो याचं पहिल्यांदा ऐकताना मला नवल वाटलं होतं. तिची एक रीत होती. लग्नाच्या आधी नवरा-नवरीला ती जवळ बसवायची, हनुवटी धरून एकेकाचं तोंड निरखायची, नाव विचारायची, कोणाचा, कोणाची हे विचारायची आणि मगच गायला बसायची. घाईतल्या एका वरबापानं एकदा म्हटलं, "आये, पोरांचं तोंड मागून बघ, आधी गा." तशी ती सरळ उठून विडी ओढायला बाहेर गेली. वरबाप पाया पडेपर्यंत आत आली नाही.

दिवसा ती दुकानात येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. एका कंपनीनं बोलणारा स्पीकर दुकानात ठेवायला दिला होता. त्याला हिंदीत विचारा, इंग्रजीत विचारा, तो उत्तर द्यायचा. अगदी पुस्तकी मराठीतही द्यायचा. लोक गर्दी करून त्याला हवामान विचारायचे. जेठीआयनं एक दिवस आपल्या बोलीत त्याला विचारलं, "तुजी आय कोन रं?" स्पीकर म्हणाला, मला समजलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

"बिचारा," ती म्हणाली. "याला कोनी बोलायच शिकवला नाय."

रावजी एवढा खूश झाला की त्यानं दुकानात होते नव्हते तेवढ्यांना चहा पाजला. मला म्हणाला, "बघितलं ना, बाई? जवर याला आपली बोली येत नाय, तवर आपन आपले. तिकडं सगळं जाऊ दे. हे जायचं नाय."

माझ्या ओळखीचा सगळ्यात जास्त काळजी करणारा माणूस इतक्या निर्धास्तपणे बोलला, ते तेवढंच एकदा.

त्यानंतर जेठीआयचा आवाज बसू लागला. पहिल्यांदा सर्दी म्हटलं, मग विडी म्हटलं, मग तिला गुजरातेत मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की घसा काढावा लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. घरात रावजीच्या मुलाचं, मनोजचं लग्न ठरलेलं होतं. नवरी गंजाडची, अरुणा. मनोजला जेठीआयनंच वाढवलेलं. त्याचं लग्न आपल्या तोंडून लागावं एवढं एकच तिचं मागणं होतं, आणि ते ती डॉक्टरलाही सांगून आली होती. डॉक्टरनं थांबायला नकार दिला.

ऑपरेशन झालं. जेठीआय घरी आली ती गळ्याला फडकं बांधून. ओठ हलायचे, पण त्यातून काही बाहेर यायचं नाही. मी भेटायला गेले तेव्हा तिनं माझा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही आणि मी वेड्यासारखी "हो हो" करत राहिले. बाहेर आल्यावर मला रडू आवरेना.

नंतरच्या आठवड्यात मी शाळेतून परतत होते. दुकानासमोरून जिन्याकडे वळले तर आतून हाक आली, "बाई, च्या पिऊन जा."

जेठीआयचा आवाज! तोच, जरा चिरका, 'जा'वर हिसका देणारा. मी पायरीवरच खिळले. आत बघते तर म्हातारी नाही. खुर्ची रिकामी. रावजी एकटा मोबाईल हातात धरून बसलेला आणि त्याचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला.

"तुमाला पन आयच वाटली ना?" त्यानं विचारलं.

मोबाईलवर म्हणे असं काही आलं होतं की माणसाचा आवाज त्याला ऐकवायचा, मग आपण लिहू ते तो त्या आवाजात बोलतो. चाल दिली तर गातोसुद्धा. रावजीनं लग्नांतल्या लोकांच्या व्हिडिओंमधून आईचं गाणं गोळा केलं होतं. ते गोंगाटात बुडलेलं निघालं. स्वच्छ आवाज होता तो तिनं त्याला पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपांत. आणि ते निरोप म्हणजे सगळ्या शिव्या! जेवायला का आला नाहीस, कोंबड्या का सोडल्यास, सुनेला का बोललास. त्यामुळे त्यानं त्या आवाजाकडून पहिल्यांदा गाणं गाऊन घेतलं, तेव्हा लग्नाच्या चौकातल्या पालघाट देवीला बोलावणंसुद्धा कोंबडी हाकलल्यासारखं निघालं. हे सांगताना रावजी हसायला लागला आणि हसता हसताच त्यानं डोळे पुसले.

"रावजी, अरे तूच म्हणत होतास ना, आपली बोली ह्याला देऊ नका म्हणून?" मी म्हटलं.

"हां."

"मग?"

"आयचं मागनं हाय, बाई."

त्यानं आईला विचारलं होतं. तिनं आपलाच आवाज ऐकला, मोबाईल उलटासुलटा करून बघितला, आणि मान डोलावली. पुढे बरेच दिवस दुकान बंद करून दोघं मायलेक बसत. तो वाजवायचा, ती हातानं चूक दाखवायची. इथे ओढ, इथे सोड. मोबाईलमधल्या त्या वस्तूला जेठीआयनं स्वतः शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल.

लग्नाला मी गेले. भिंतीवर पांढराशुभ्र चौक, समोर जेठीआय नव्या लुगड्यात, गळ्यात फडकं. मनोज आणि अरुणाला तिनं जवळ बसवून निरखून घेतलं होतं. तिच्या पाठीमागे एक टोपली उपडी घातलेली, आणि टोपलीखाली काळा स्पीकर. हे ठाऊक असलेले आम्ही तिघं-चौघंच. रावजी दाराशी मोबाईल घेऊन उभा, घामानं निथळत.

गाणं सुरू झालं आणि मांडवातली बोलणी एकदम थांबली. एका बाईच्या हातातलं तांदळाचं सूप खाली पडलं. म्हातारीचा घसा काढलाय हे अख्ख्या पाड्याला माहीत, आणि म्हातारी गातेय! जेठीआय ओठ हलवत होती. सुरुवातीला जरा मागे पडली, मग आवाजाला गाठलं, आणि मग तर मलाही वाटायला लागलं की, तीच गातेय. एक म्हातारा चक्क तिच्या पायावर डोकं ठेवून रडायला लागला. मग नावं घ्यायची वेळ आली. आवाजानं 'अरुणा' म्हटलं तेव्हा जेठीआयचे ओठ अजून मिटलेले होते. ती दचकली. तिनं वळून टोपलीकडे बघितलं. पण तेवढ्यात तिनं स्वतःला सावरलं, ओठांनी ते नाव पुन्हा घेतलं, आणि लग्न लागलं.

जेवताना रावजी माझ्यापाशी येऊन बसला. इतका हलका मी त्याला कधी पाहिला नव्हता. "आजपत्तर आलं ते सगळं माणसाचं काय ना काय घेऊन गेलं," तो बोलला. "हे पयलं, ज्यानं परत दिलं." मी म्हटलं, "रावजी, आज पहिल्यांदा तू एखाद्या वस्तूचं मरण सांगितलं नाहीस." त्यानं हात जोडले आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

अरुणाच्या मामाला ते गाणं आपल्या मुलाच्या लग्नात हवं होतं. त्यांच्या पाड्यावरची धवलेरी वारली होती आणि दुसरी कुणी तयार झालेली नव्हती. नाही म्हणणं रावजीला जमलं नाही. पण त्यानं अट घातली की नवरा-नवरीनं आधी आईसमोर येऊन बसायचं. ते आले. जेठीआयनं हनुवट्या धरल्या, तोंडं बघितली, ओठांनी नावं घेतली, मग रावजीनं ती मोबाईलमध्ये लिहिली. हळूहळू रावजीच्या घरच्या ओट्यावर जोडपी यायला लागली. म्हातारीचा मान परत आला होता. ती सकाळीच वेणी घालून बसायची. तो हंगाम फार सुखाचा गेला, असं रावजीची बायको अजूनही म्हणते.

दरम्यान माझी बदली पुन्हा डहाणूला झाली. पुढच्या हंगामात शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या घरच्या कार्यक्रमाला मी चिखल्याला गेले होते. समुद्राजवळच्या सुरूच्या झाडांपलीकडे एका रिसॉर्टवर मुंबईच्या कुणाचं तरी लग्न होतं. रंगीत दिवे, गॉगल लावलेली माणसं, पाठीमागे पुठ्ठ्याची वारली चित्रं. आणि एकदम मोठ्या स्पीकरवर ढोलाच्या ठोक्यावर ठोका, आणि त्यावर जेठीआय. तीच ओढ, तोच हिसका. ती रोहन आणि तनिषा यांची नावं घेत होती, आणि माणसं मोबाईल वर धरून नाचत होती. माझ्या हातातला चहा सांडला. बरोबरच्या बाईंनी विचारलं, "काय हो, काय झालं?" मी सांगणार काय? एका घसा नसलेल्या बाईचा आवाज इथे नाचतोय, असं सांगायचं?

दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं तलासरीला गेले. दुकानात आता पंखे, मिक्सर आणि इस्त्र्याच दिसत होत्या. बोलणारी, गाणारी एकही वस्तू शिल्लक नव्हती. मी काही बोलायच्या आधीच रावजी म्हणाला, "कुठं ऐकलं, बाई?"

म्हणजे त्याला माहीत होतं. लग्नात कुणीतरी रेकॉर्ड केलं, कुणीतरी पुढे पाठवलं, मग डीजेवाल्यांनी तेच मोबाईलचं तंत्र शिकून घेतलं. आता कुणालाच रावजीकडे यायची गरज नव्हती. हवी ती नावं घालायची की झालं. पाड्यांवर तेच, रिसॉर्टवर तेच. लोकांनी त्याला शिव्या घातल्या नाहीत, उलट कौतुक केलं, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास होत होता. दोन पाड्यांवर तरण्या बायका धवलेरीचं शिकत होत्या, त्यांनी शिकणं सोडलं. जेठीआयचा आवाज असताना त्यांना कोण बोलावणार?

"सगळ्यांना सांगत आलो, हे कुठं जानार, ते कुठं जानार," तो खाली बघत म्हणाला. "येवढं एक नाय दिसलं मला. आय होती ना मधी. तिच्या पलीकडचं नाय दिसलं."

मला त्याची फार दया आली, आणि रागही आला, आणि तो राग नेमका कुणावर काढावा हे कळेना. आईला सांगितलंस का, असं मी विचारलं. त्यानं मान हलवली. नाही सांगितलं. जोडपी का येत नाहीत असं ती रोज खुणेनं विचारते, आणि तो म्हणतो, यंदा मुहूर्त कमी आहेत.

आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. दुपार उतरत होती. जेठीआय ओट्यावर वेणी घालून बसली होती. मला बघून तिला आनंद झाला, शेजारी जागा करून दिली. अरुणानं चहा आणला. आम्ही चहा पीत असताना कापलेल्या शेतांपलीकडच्या पाड्यावरून लग्नाची वाजंत्री ऐकू यायला लागली, आणि ती थांबल्यावर ते गाणं.

रावजीचा हात कपासकट थांबला. अरुणा दारातच उभी राहिली.

जेठीआयनं कान दिला. आपला आवाज तिनं लगेच ओळखला. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, मग ते गेलं. ती रावजीकडे वळली आणि तिचे ओठ हलले. मला कळलं नाही. रावजीला कळलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"कोणाचं लगीन लावते मी, ते विचारते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. साऱ्या तालुक्याला उत्तरं देत आलेला तो माणूस म्हणाला, "ठाऊक नाय, आये."

तिनं पुन्हा तेच विचारलं. या वेळी तिनं त्याची हनुवटी धरली होती.

रावजी उठला. चपला घालायलाही थांबला नाही. ओट्यावरून उतरला आणि शेतातून त्या पाड्याकडे चालू लागला, आधी भराभर, मग पळतच, ढेकळांत ठेचकाळत. त्या वयाच्या माणसाला असं पळताना मी पाहिलं नव्हतं. जेठीआय उभी राहिली होती. आपले ओठ तिनं गाण्याबरोबर हलवायला सुरुवात केली होती, आणि नावांच्या जागी येऊन ती थांबली.

तिकडचा आवाज थांबला नाही. त्यानं नावं घेतली. वारा आमच्या बाजूचा नव्हता, म्हणून ती आम्हाला नीट ऐकूही आली नाहीत. मग ढोल वाजले, फटाक्यांची माळ लागली.

रावजी अजून अर्ध्या वाटेवर, बांधावर होता. तो तिथेच उभा राहिला. लग्न लागून गेलं होतं.